काजलचं चौथं प्रकरण

नागपुरात नंदनवन वस्तीतल्या ठवकरांच्या घरी टीव्हीवर मूकपट सुरू झाला, की शेजारच्या मीराबाई कुंपणावरून विचारायच्या, "आवाज गेला काय वं टीव्हीचा?" सुरुवातीला गोपिका त्यांना समजावून सांगायची, की हे शंभर वर्षांपूर्वीचे युरोपातले चित्रपट आहेत, यांना आवाज नव्हताच. पुढे पुढे ती नुसतं "हो, गेला" म्हणायला लागली. मग मीराबाईंनी एक दिवस त्यांच्या ओळखीचा टीव्ही दुरुस्तीवालाच पाठवून दिला. त्याला चहा पाजून परत पाठवावं लागलं.

गोपिका ठवकर शहराच्या पूर्वेकडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. पंचेचाळिशी आली आहे. सकाळी लवकर उठायचं, दोन डबे भरायचे, नवऱ्याला कोराडीच्या वीज केंद्राच्या बसपर्यंत सोडायचं आणि तशीच स्कूटी कॉलेजकडे वळवायची, हा तिचा क्रम. अशा बाईला वेड लागावं कशाचं, तर सुस्तीच्या साहित्याचं! एकोणिसावं शतक संपता संपता युरोपात असे काही कवी-लेखक झाले, ज्यांना निरोगी, उद्योगी, हसऱ्या जगाचा वीट आला होता. त्यांना कोमेजलेली फुलं आवडत. पडदे ओढलेल्या खोल्या, उग्र अत्तरं, अंगात मुरलेला ताप आणि पुरुषाचा सत्यानाश करून शांतपणे आरशात पाहणाऱ्या बायका आवडत. डेकडंट म्हणतात त्यांना, मराठीत ऱ्हासवादी. हे लेखक संपत आले आणि सिनेमा जन्माला आला. त्या तान्ह्या सिनेमानं या लेखकांच्या घरातलं सगळं सामान उचलून नेलं, पडद्यांसकट आणि बायकांसकट. कुणी काय उचललं, कसं उचललं, यावर गोपिकाला पीएच.डी. करायची होती.

झाली नाही. नोंदणी झाली, विषय मंजूर झाला, आणि पहिले मार्गदर्शक निवृत्त होऊन मुलाकडे निघून गेले. दुसरे मिळाले डॉ. रविंद्र ढोबळे. त्यांनी विषयाचा कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, याचा आपल्याशी काय संबंध? ग्रामीण विद्यार्थ्यांच्या इंग्रजीवर करा. झटपट मोकळ्या होसाल." गोपिकानं विषय बदलला नाही. मग मूल झालं, सासू अंथरुणाला खिळली, कॉलेजात तपासणी समिती यायची म्हणून फायलींचे ढीग उपसावे लागले. एक दिवस विद्यापीठातून कळलं, की नोंदणी रद्द झाली आहे. तिनं भाजी फोडणीला टाकता टाकता ते ऐकलं आणि भाजी करपू दिली नाही. रडायला तिला जागाच नव्हती.

आणि मग आली काजल.

काजल लांजेवार जवळच्या कुही गावची. वडील रुपराव धानाची शेती करणारे. एम.ए.ला आली तेव्हा ती पहिल्या बाकावर बसायची आणि न समजलेलं सरळ विचारायची. नागपुरात इंग्रजीच्या वर्गात न समजलेलं विचारणारा विद्यार्थी म्हणजे उन्हाळ्यातला पाऊस. गोपिकाचा जीव जडला तिच्यावर. अभ्यासक्रमात नसलेलं ती तिला सांगत बसायची. त्या इटलीतल्या नट्या पडद्याला धरून कशा उभ्या राहायच्या, त्या कवींच्या ओळी त्यांच्या बोटांत कशा उतरल्या होत्या, सगळं. काजल डोळे मोठे करून ऐकायची. एक दिवस म्हणाली, "मॅडम, मी यावरच पीएच.डी. करू काय?"

"कर की," गोपिका म्हणाली. माणूस असं बोलून जातो. पुढच्याला ते खरंच करता येईल, असं कुठे वाटतं त्याला!

काजलला करता आलं. मार्गदर्शक मिळाले तेच, डॉ. ढोबळे. मधल्या काळात त्यांना कुठल्याशा परिषदेत समजलं होतं, की साहित्य आणि सिनेमा एकत्र घेण्याला आता फार मान आहे. त्यामुळे 'याचा आपल्याशी काय संबंध' हा प्रश्न त्यांनी काजलला विचारलाच नाही. त्यांनी विषयाचं कौतुक केलं, वर म्हणाले, "असा विषय नागपुरात कोणालेच सुचला नाही." हे काजलनं आनंदानं येऊन सांगितलं तेव्हा गोपिकाच्या अंगाचा असा तिळपापड झाला, की तिनं चहात साखर दोनदा घातली.

"आयत्या बिळावर नागोबा," संध्याकाळी ती नवऱ्याजवळ म्हणाली.

स्वानंद ठवकर वीज केंद्रात कामाला. दिवसभर राख आणि कोळसा पाहून आलेला माणूस घरी आल्यावर फार गुंतागुंतीत शिरत नाही. "बीळ तं तूच सोडून देलतं ना वं," तो चपला काढत म्हणाला. "आणि तुले ते पोरगी आवडते का नाही आवडत, एक काय ते ठरव. इकडे तिच्यासाठी पुस्तकं मागवते, तिकडे तिच्या नावानं बोटं मोडते."

तिला ते ठरवता येत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. काजलचा एखादा निबंध छापून आला, की गोपिका सगळ्यांना दाखवायची आणि घरी येऊन पांघरूण घेऊन पडून राहायची. हेवा परक्याचा असला तर सोपा. त्याला शिव्या देता येतात. आपण हातानं वाढवलेल्याचा हेवा माणसाला आतून पोखरतो, आणि वरून आशीर्वाद देत बसावं लागतं.

प्रबंध लिहून झाला तेव्हा काजलनं कच्ची प्रत आणून दिली. "मॅडम, सबमिट कराच्या आधी तुम्ही एकदा वाचा. ढोबळे सर म्हणतात, बाइंडिंगले टाकून दे. पण तुम्ही वाचल्याशिवाय मी टाकत नाही."

गोपिकानं प्रत ठेवून घेतली आणि रविवारी, घरात कुणी नसताना, लाल पेन घेऊन बसली. कबूल करायला हवं, ती वाचायला बसली नव्हती, चुका धरायला बसली होती. पहिलं प्रकरण चांगलं निघालं. दुसरं फारच चांगलं निघालं. तिसऱ्यात तर काही वाक्यं अशी होती, की ती आपण लिहायला हवी होती असं वाटून गोपिकानं ती दोनदा वाचली. लाल पेन कोरडं राहिलं.

मग चौथं प्रकरण आलं आणि तिचा चेहरा उजळला.

काजलनं या प्रकरणात एका इटालियन मूकपटातल्या नायिकेच्या चालीवर लिहिलं होतं. पुस्तकातली डेकडंट बाई पलंगावरून उठत नाही, सिनेमातली मात्र झपाझप चालते. फूल उचलते, हुंगते, टाकते, सगळं भराभरा, कुणी मागे लागल्यासारखं. म्हणजे सिनेमानं ऱ्हासाला घाई शिकवली, यंत्रयुगाचा ताप त्या बाईच्या पायांत भरला, असा तिचा सिद्धान्त होता. भाषा देखणी होती, आधार भक्कम होते, आणि सगळी इमारत वाळूवर होती.

कारण त्या काळी कॅमेरा हातानं फिरवत. सेकंदाला सोळा-अठरा चित्रं निघायची. पुढे बोलपट आले तेव्हा सेकंदाला चोवीस चित्रं असा वेग ठरला. जुनी फीत या नव्या वेगानं चालवली, की माणसं तुरुतुरु पळायला लागतात. इंटरनेटवर कुणी फुकट चढवलेल्या प्रतींमध्ये अशा पळणाऱ्या कितीतरी. काजलनं अशीच प्रत पाहिली होती, बहुधा मोबाईलवर, कुहीच्या बसमध्ये. नायिकेला कसलीच घाई नव्हती. घाई त्या प्रतीला होती.

गोपिकाला हे पक्कं माहीत होतं, कारण तोच मूकपट तिनं लग्नाआधी पुण्याच्या एका शिबिरात योग्य वेगानं पाहिला होता. ती नटी कोचावरून उठून खिडकीपर्यंत जाते, आणि जायला इतका वेळ लावते, की नागपूरहूनच आलेला एक पोरगा अंधारात कुजबुजला होता, "अबे, पोचन का नाही हे?" सगळे हसले होते. गोपिकाच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. आयुष्यात कुठंच न पोचता इतकं सुंदर चालता येतं, हे तिला तेव्हा पहिल्यांदा समजलं होतं.

आता दोनच वाटा होत्या. काजलला फोन करून सांगायचं, की पोरी, थांब, चौथं प्रकरण नव्यानं लिही. सहा महिने जातील, पण प्रबंध उभ्या नागपुरात कुणाचा झाला नसेल असा होईल. किंवा गप्प बसायचं.

काजल आठवड्यानं विचारायला आली. फाटकाशी स्कूटी लावून, हेल्मेट हातात धरून, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखी उभी राहिली. "कसा वाटला मॅडम?"

"छान झाला आहे," गोपिका म्हणाली.

"चौथं? चौथ्याची मले धाकधूक होती."

"चौथंही छान."

काजलनं वाकून तिच्या पायांना हात लावला. पोटात एक आणि ओठांत एक असं माणूस कितीदा तरी वागतो, पण त्याच वेळी कुणी पाया पडलं, की फार वाईट वाटतं. गोपिकालाही वाटलं. रात्रीच्या जेवणापर्यंत टिकलं ते वाईट वाटणं. मग तिच्या मनानं तिला समजावलं, की सांगायचं काम मार्गदर्शकाचं, आपलं नव्हे.

प्रबंध बाइंडिंग होऊन विद्यापीठात गेला. बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल अनुकूल आले. ओपन व्हायवाची तारीख ठरली.

ओपन व्हायवा म्हणजे भर सभेत तोंडी परीक्षा. परीक्षक प्रश्न विचारतात, मग सभेतला कुणीही विचारू शकतो. कागदावर हे भारी आहे. प्रत्यक्षात त्यात नापास झालेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. सभेला येणाऱ्यांचा अर्धा जीव जेवणात असतो आणि प्रश्न विचारायला कुणी उठत नाही. हॉल गप्प राहिला तर मार्गदर्शकाची शोभा होते, म्हणून उमेदवारच आदल्या दिवशी चार ओळखीच्या लोकांना प्रश्न वाटून ठेवतो. उत्तरं त्याची पाठ असतात. हा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे तो पाळतात.

काजल आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये आली आणि एक चिठ्ठी पुढे केली. "मॅडम, हा तुमचा प्रश्न. ढोबळे सर म्हणाले का ठवकर मॅडमले सोपा द्या, त्याइले या विषयाचं थोडंफार माहीत आहे."

गोपिकानं चिठ्ठी उघडली. 'या संशोधनाचा भारतीय सिनेमाशी काय संबंध?'

थोडंफार! ज्या बाईनं हा विषय या शहरात आणला, तिला थोडंफार माहीत आहे. आणि प्रश्न कोणता, तर ढोबळ्यांनी जो विचारून तिची पीएच.डी. गाडली होती, जवळपास तोच. काजलला यातलं काही माहीत नव्हतं, तिनं निरोप होता तसा पोचवला. पण चिठ्ठी पर्समध्ये टाकताना गोपिकाचं ठरलं. उद्या प्रश्न आपला असेल.

विभागाचा हॉल भरला होता. कुहीहून रुपराव आणि काजलची आई भागीरथाबाई आले होते, सोबत गाडीभर नातेवाईक. भागीरथाबाईंनी घरच्या तांदळाचा गोळाभात आणि पाटोडीचा रस्सा पहाटे उठून केला होता. त्याचा वास बाजूच्या खोलीतून येत होता आणि हैदराबादहून आलेले परीक्षक मधूनमधून त्या दाराकडे, मधूनमधून घड्याळाकडे पाहत होते. काजल निळ्या साडीत पंधरा मिनिटं अस्खलित इंग्रजी बोलली. गोपिका तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होती. ती स्वतः बोलायला उभी असती तर अशीच साडी नेसली असती, असंही तिच्या मनात आलं.

परीक्षकांनी दोन गुळगुळीत प्रश्न विचारले. मग वाटलेल्या चिठ्ठ्यांचे प्रश्न झाले. ढोबळे सरांनी गोपिकाकडे पाहून मान हलवली. गोपिका उठली.

"तुमच्या चौथ्या प्रकरणातला चित्रपट," तिनं इंग्रजीत विचारलं, "तुम्ही कोणत्या वेगानं पाहिला?"

काजल गोंधळली. चिठ्ठीत हे नव्हतं. "नॉर्मल स्पीड, मॅडम."

मागे कुणीतरी हसलं.

"तेव्हाचं नॉर्मल," गोपिका म्हणाली, "की आताचं?"

काजलचा चेहरा आधी कोरा राहिला. मग त्याच्यावर काहीतरी हळूहळू सरकत आलं. हुशार पोरगी. तिच्या मनात त्या क्षणी हातानं फिरवायचा कॅमेरा फिरला असेल, चित्रांची गणितं फिरली असतील, आणि ती नायिका धावायची थांबून हळू हळू चालायला लागली असेल. भरल्या हॉलमध्ये त्या प्रश्नाचा अर्थ समजलेल्या दोघीच होत्या. आणि गोपिकाला आनंद झाला. उगीच सोवळेपणा कशाला, भरपूर आनंद झाला. इतक्या वर्षांत झाला नव्हता इतका.

"व्हेरी इंटरेस्टिंग टेक्निकल पॉइंट," परीक्षक घड्याळ पाहत म्हणाले. "मॅडमची सूचना उमेदवारानं पुढच्या संशोधनासाठी लक्षात घ्यावी," ढोबळे सर म्हणाले. लगेच पदवीची शिफारस जाहीर झाली. टाळ्या पडल्या. गोपिकाचा बाण चिखलात रुतावा तसा रुतला, आणि लोक जेवायला उठले.

भागीरथाबाईंनी स्वतः येऊन तिच्या ताटात गोळाभात वाढला, वरून फोडणीचं तेल घातलं. "ह्याच मॅडमनं शिकवलं आमच्या काजलले," त्या नातेवाईक बायकांना सांगत होत्या. रुपराव पुढे झाले. "मॅडम, पोरीनं बराबर सांगतलं ना सारं? तुम्ही इचारलं तव्हा घाबरली वाटते थोडी."

"बरोबर सांगितलं," गोपिका म्हणाली. घास तोंडात फिरत राहिला. ती ताट ठेवून मागच्या नळावर हात धुवायला गेली.

काजल तिथं आधीच उभी होती. तोंडावर पाणी मारून आलेली, पदर ओला झालेला.

"मॅडम, हे तुम्हाले आज सुचलं काय?"

हो म्हणायला काय लागत होतं? एका शब्दात सगळं झाकलं गेलं असतं. गोपिकानं तो शब्द तोंडापर्यंत आणलाही. पण पोरगी तशीच पाहत होती, पहिल्या बाकावरून पाहायची तशी, आणि त्या नजरेला खोटं सांगायची सवय तिला नव्हती. एकदाच सांगितलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "तू कच्ची प्रत देली तव्हाच दिसलं."

"मंग तव्हाच काहून नाही सांगतलं? मी त्यासाठीच तं आणून देलती."

"माहीत आहे."

"मी चौथ्याचं इचारलं बी होतं मॅडम. तुम्ही छान म्हटलं."

"हेवा वाटत होता तुझा," गोपिका म्हणाली. "ते सारं माहं होतं, काजल. विषय माहा, त्या बाया माह्या. तू ते सारं घेऊन पुढं चालली होती, आणि मी भाजी निवडत बसली होती. चौथं चुकलेलं दिसलं तव्हा मले बरं वाटलं. खरं सांगून राहिली. आज बी बरं वाटलं."

काजल रडेल, ओरडेल, निदान तोंड फिरवून निघून जाईल, असं गोपिकाला वाटलं होतं. तसं झालं असतं तर सुटली असती ती. काजलनं पदराचं ओलं टोक पिळलं.

"ढोबळे सरनं चौथं वाचलंच नाही," ती म्हणाली. "वाचलं असतं तं त्यातल्या पानांचे नंबर उलटे लागले ते तरी दिसले असते. या परीक्षकानं बी नाही वाचलं, त्याइच्या रिपोर्टात तिसऱ्यापर्यंतच सारं आहे. एवढ्या वर्षात माहं लिहिलेलं शेवटपर्यंत वाचलं ते एका माणसानं. तुम्हीच."

नळ थेंब थेंब गळत होता. गोपिकानं तो घट्ट करून पाहिला, झाला नाही.

"आता काय करू मी?" काजलनं विचारलं. त्यात राग नव्हता. वर्गात एखादी ओळ अडली की विचारायची, तसंच होतं ते. "डिग्री तं भेटली. घरचे सारे खुश आहेत. बाबा गावात पेढे वाटतीन. आणि मले माहीत आहे का ते प्रकरण खोटं आहे. मले माहीत आहे, तुम्हाले माहीत आहे. दुसऱ्या कोणाले कधीच समजणार नाही."

हेच तर हवं होतं. पोरीच्या सुखात एक काटा राहावा आणि तो आपण टोचलेला असावा, एवढंच गोपिकानं मागितलं होतं. ते पुरतं मिळालं होतं. आता ते हातात घेऊन ती उभी होती आणि कुठं ठेवावं ते तिला समजत नव्हतं.

हॉलच्या दारातून कुणीतरी मोठ्यानं हाक मारली, "डॉक्टर मॅडम! या ना लवकर, फोटोसाठी सारे थांबून राहिले!"

त्या हाकेला मान कशी वळवायची, चेहरा किती हसरा ठेवायचा, हे गोपिकानं स्कूटीवरून येता-जाता मनातल्या मनात कितीतरी वर्षं करून पाहिलं होतं. आज हाक आली, आणि जिच्यासाठी आली ती जागची हलली नाही. गोपिकाकडेच पाहत राहिली.

"जा," गोपिका कशीबशी म्हणाली. "बोलावून राहिले तुले."

"कोणाले?" काजलनं विचारलं.